बिनमालकीची वही आणि तिचे लेखनिक

माणसाच्या सचोटीवर विसंबून राहण्याची पाळी येऊ नये म्हणून माणसाने आजवर जे जे शिरस्ते, कायदे आणि यंत्रे निर्माण केली, त्या सर्वांच्या तळाशी अखेर कोणी तरी माणूसच बसलेला आढळतो, हा अनुभव जुना आहे. परंतु ज्या योजनेने जन्मतःच मध्यस्थावरील विश्वासाची गरज संपविण्याची प्रतिज्ञा केली, तिलाही तो चुकू नये, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो हे नाव धारण करणाऱ्या अज्ञात व्यक्तीने नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्या निबंधाबरहुकूम चालणाऱ्या बिटकॉइनच्या वहीचे पहिले पान लिहिले. त्या वहीला बँक नाही, कोषागार नाही, चलनावर सही करणारा गव्हर्नर नाही. जगभर विखुरलेली हजारो यंत्रे तिच्या तंतोतंत सारख्या प्रती बाळगतात, सुमारे दर दहा मिनिटांनी तिच्यात नोंदींचा एक ब्लॉक जोडला जातो, आणि एकंदर नाणी २ कोटी १० लाखांच्या वर जाऊ नयेत हा नियम प्रत्येक यंत्र आपल्यापुरता स्वतः तपासून पाहते. येथवर सारे खरे आहे. पण हे नियम म्हणजे सी-प्लस-प्लस भाषेत लिहिलेली एक आज्ञावलीच होय. ती कोणी तरी लिहिली, तिच्यात चुका राहिल्या, त्या कोणी तरी शोधल्या आणि कोणी तरी दुरुस्त केल्या. आपण आता दुसऱ्या कामांकडे वळलो आहो असे एप्रिल २०११ मध्ये कळवून नाकामोतो कायमचा अदृश्य झाला. तेव्हापासून हा ‘कोणी तरी’ म्हणजे ज्यांना नेमणूक नाही, हुद्दा नाही, आणि कित्येकांना दीर्घकाळ वेतनही नव्हते, अशी थोडी मंडळी होत.

या मंडळींविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. भाविकांच्या मते त्यांचे अस्तित्वच गौण आहे: संहिता स्वयंप्रकाशी आहे, ती लिहिणारा कोण हा प्रश्न गैरलागू आहे. टीकाकारांच्या मते हीच मंडळी पडद्यामागचे राज्यकर्ते आहेत, आणि राजाने निदान मुकुट तरी घालावा, म्हणजे प्रजेला दाद कोठे मागावी हे कळेल. दोन्ही पक्षांनी प्रत्यक्ष काम पाहण्याची तसदी फारशी घेतलेली नाही. माझे म्हणणे असे की, बिनमालकीच्या वहीवर काम करणाऱ्याच्या हाती निर्णय फारसा नसतो. त्याच्यापाशी असते ते ज्ञान, आणि ते इतरांच्या आधी व इतरांपेक्षा अधिक असते. म्हणून त्याचे कर्तव्यही या ज्ञानातून उपजलेले असावे. परक्याच्या मालमत्तेचा ताबा असलेल्या विश्वस्ताचे कर्तव्य त्याच्या गळ्यात बांधणे म्हणजे जो अधिकार त्याला नसावा म्हणून ही सारी खटपट झाली, तोच अधिकार त्याला मागील दाराने बहाल करणे होय.

हे हवेत बोलण्यापेक्षा एका माणसाचे काम पाहावे. बेल्जियमचा पीटर वुइल, लूव्हेन विद्यापीठाचा संगणकशास्त्रातील डॉक्टर, २०११ मध्ये या प्रकल्पात आला. त्याचे नाव ज्या सुधारणांशी जोडले जाते त्यांचा गाजावाजा पुष्कळ झाला: ऑगस्ट २०१७ मध्ये अंमलात आलेली सेगविट आणि नोव्हेंबर २०२१ मधील टॅपरूट. मला त्याच्या कामातले जे सर्वांत अर्थपूर्ण वाटते ते मात्र एका अप्रसिद्ध गणिती लायब्ररीत दडलेले आहे. बिटकॉइनमध्ये नाणे खर्च करण्याचा हक्क गणिती स्वाक्षरीने सिद्ध करावा लागतो, आणि ती स्वाक्षरी ‘सेक्प-२५६-के-१’ नावाच्या एका विशिष्ट एलिप्टिक कर्व्हच्या गणितावर आधारलेली असते. आरंभी हे गणित ओपनएसएसएल या सर्व प्रकारच्या कामांसाठी लिहिलेल्या संचाकडून करून घेतले जाई. वुइलने २०१३ मध्ये केवळ या एका कर्व्हसाठी स्वतंत्र लायब्ररी लिहावयास घेतली. ग्रेगरी मॅक्सवेल व इतर सहकारी तिच्यात सामील झाले. आणि स्वाक्षऱ्या तपासण्याचे काम मुख्य प्रणालीत तिच्याकडे सोपविले गेले ते फेब्रुवारी २०१६ च्या ०.१२ या आवृत्तीत. मधला काळ मुख्यतः पडताळणीत गेला. नव्या लायब्ररीचे उत्तर जुन्या संचाच्या उत्तराशी ताडून पाहण्यासाठी या मंडळींनी साधी यादृच्छिक संख्या घेतली नाही. शून्यांच्या आणि एकांच्या लांबच लांब रांगा असलेल्या, म्हणजे निसर्गतः जवळजवळ कधीच समोर न येणाऱ्या, पण हिशेबाच्या कोपऱ्यांतील केर बाहेर काढणाऱ्या संख्या मुद्दाम तयार केल्या. तेव्हा असे निघाले की, चूक नव्यात नसून जुन्यात होती. जगातील असंख्य संकेतस्थळांच्या सुरक्षिततेचा भार वाहणारे ओपनएसएसएल काही अत्यंत विरळ प्रसंगी मोठ्या संख्येचा वर्गच चुकीचा काढीत होते. जानेवारी २०१५ मध्ये ओपनएसएसएलच्या चालकांनी ती चूक जाहीर करून दुरुस्त केली. ज्याला बिटकॉइन हा शब्दही ऐकून ठाऊक नाही अशा माणसाचे त्या दिवशी थोडेसे कल्याण झाले, आणि ते त्याला कधीही कळणार नाही.

याच लायब्ररीच्या इतिहासात हॅल फिनीचे एक पान आहे. नाकामोतोने पाठविलेली १० नाणी १२ जानेवारी २००९ रोजी ज्याने स्वीकारली, आणि त्यापूर्वी पीजीपी या संकेतलेखन-प्रणालीवर ज्याने वर्षानुवर्षे काम केले होते, तो हा फिनी. त्याच वर्षी त्याला एएलएस या स्नायू लुळे पाडीत जाणाऱ्या व्याधीचे निदान झाले. पुढे सर्व शरीर निश्चेष्ट झाल्यावरही डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने तो आज्ञावली लिहीत राहिला, आणि २८ ऑगस्ट २०१४ रोजी निधन पावला. या कर्व्हच्या एका अंगभूत गणिती गुणधर्माचा उपयोग करून स्वाक्षरीची तपासणी बरीच वेगवान करता येते, हे त्याने २०११ मध्ये प्रयोगाने दाखविले होते. तथापि त्या युक्तीवर अमेरिकेत पेटंट होते. म्हणून लायब्ररीत ती लिहिलेली असूनही बंद ठेवण्यात आली. सप्टेंबर २०२० मध्ये पेटंटाची मुदत सरली, तेव्हा ती चालू करण्यात आली. ज्या व्यवहाराची ख्याती एका रात्रीत श्रीमंत होण्याच्या स्वप्नांसाठी आहे, त्याच्या तळघरात मुदतीची वाट पाहत बसणारी इतकी संयमी माणसे असावीत, हा विरोधाभास बाजारभाव पाहणाऱ्यांच्या नजरेस येत नाही.

परंतु या पडताळणीतच एक नैतिक पेच उभा राहिला. स्वाक्षरी बायटांच्या स्वरूपात कशी मांडावी याविषयी ओपनएसएसएल पुष्कळ ढिलाई दाखवीत असे, आणि ती ढिलाई सर्व संगणकांवर सारखी नव्हती. ठराविक तऱ्हेने वेडीवाकडी लिहिलेली एखादी स्वाक्षरी काही यंत्रे ग्राह्य धरतील आणि काही अग्राह्य ठरवतील, असे वुइलच्या ध्यानात आले. ज्या वहीचे सारे सामर्थ्य तिच्या सर्व प्रती एकसारख्या असण्यात, तिचे हे मर्मस्थान होते. एखाद्या कुशल दुष्टाने तेथे बोट ठेवले असते तर वहीची दोन शकले झाली असती. ही गोष्ट जाहीर करावी तर दुरुस्ती पसरण्याच्या आत हल्लेखोरालाच वाट दाखविल्यासारखे होणार. झाकून ठेवावी तर उघडपणाचे ब्रीद मोडणार. जानेवारी २०१५ मध्ये ओपनएसएसएलने आपणहून ती ढिलाई काहीशी कमी करणारी आवृत्ती काढली, आणि स्वाक्षरीच्या मांडणीचे काटेकोर नियम बिटकॉइनच्या स्वतःच्या नियमांत घालावयास एक खरे, पण अपुरे कारण मिळाले. त्या कारणाच्या बळावर ६६ क्रमांकाचा सुधारणा-प्रस्ताव मांडला गेला, त्याची चर्चा झाली, जुलै २०१५ च्या आरंभी तो अंमलात आला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस वुइलने मूळ धोक्याचा साद्यंत वृत्तान्त प्रसिद्ध केला.

या वर्तनाला काय म्हणावे? फसवणूक मी म्हणणार नाही. सांगितलेले कारण खोटे नव्हते, बदलाची प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येत होती, आणि गुपिताची मुदत दुरुस्तीच्या अंमलाबरोबर संपली. पण ज्या बदलाला एवढ्या लोकांनी संमती दिली त्याचे मुख्य कारण त्यांच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नव्हते, ही वस्तुस्थितीही लपत नाही. म्हणजे सुमारे दहा महिने काही माणसांना असे काही ठाऊक होते की ज्याचा दुरुपयोग करून त्यांना सबंध वही विस्कटता आली असती, बाजार कोसळविता आला असता, आणि त्या कोसळण्यावर पैसेही करता आले असते. त्यांनी यातले काहीच केले नाही. कोणत्याही कायद्याने त्यांना बांधले नव्हते, कोणापुढे त्यांनी शपथ घेतली नव्हती. सत्ता म्हणावयाची तर ही सत्ता होती. मात्र ती कोणाला हुकूम सोडण्याची नव्हती.

हुकूम सोडण्याची सत्ता या कामात का उरत नाही, हे आपल्याकडील महसुली दप्तराशी तुलना केल्यास स्पष्ट होते. जमिनीच्या हक्कात बदल झाला म्हणजे तलाठी फेरफाराची नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकती असल्यास ऐकल्या जातात, आणि मग मंडल अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. बिटकॉइनच्या आज्ञावलीतील बदलही जवळजवळ याच वळणाने जातो: कोणीही पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा मसुदा, मांडावी, कोणीही ती वाचून ‘ॲक’ म्हणून अनुमती द्यावी किंवा ‘नॅक’ म्हणून हरकत घ्यावी, शंकांचे निरसन होईपर्यंत ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, तहकूब राहावी, आणि शेवटी ज्यांच्याकडे किल्ली आहे अशा चार-सहा मेंटेनरांपैकी एकाने ती मुख्य संहितेत मर्ज करावी. पण साम्य येथे संपते. मंडल अधिकाऱ्याची सही झाली की सातबारा बदलतो, आणि उलट सिद्ध होईपर्यंत तो उतारा कायद्याने खरा धरला जातो. मेंटेनरने मर्ज केले तरी वहीत एका अक्षराचाही फरक पडत नाही. नवी आवृत्ती प्रसिद्ध होते, ती आपल्या यंत्रावर चढवावी की न चढवावी हे प्रत्येक धारक ठरवितो, आणि आपोआप अद्ययावत होण्याची सोय, जी आज आपल्या खिशातील फोनमधल्या बहुतेक ॲपांना असते, ती या आज्ञावलीत जाणूनबुजून ठेवलेली नाही. प्रसिद्ध झालेली प्रत त्याच मूळ संहितेपासून बनली आहे याची खात्री व्हावी म्हणून अनेक माणसे आपापल्या यंत्रांवर ती स्वतंत्रपणे तयार करून पाहतात आणि सर्वांच्या प्रती बायटागणिक जुळल्या तरच सह्या करतात. मेंटेनर हा येथे प्रमाणित करणारा अधिकारी नसून फार तर दप्तर नीट लावून ठेवणारा कारकून ठरतो.

मार्च २०१३ मधील एका रात्री ही गोष्ट प्रत्यक्ष कसोटीला लागली. फेब्रुवारीत निघालेल्या ०.८ आवृत्तीत नोंदी साठविण्याची पद्धत बदलली होती. बर्कले डीबीच्या जागी लेव्हलडीबी आली होती, आणि हा बदलही मुख्यतः वुइलच्याच हातचा होता. ११ मार्चच्या रात्री, सार्वत्रिक वेळेप्रमाणे १२ तारखेला, अनेक व्यवहार पोटात घेतलेला एक मोठा ब्लॉक जोडला गेला. नव्या आवृत्तीच्या यंत्रांनी तो स्वीकारला. जुन्या आवृत्तीच्या यंत्रांना तो पेलला नाही, कारण बर्कले डीबीत एका वेळी किती कुलपे लावता येतात याला एक मर्यादा होती, आणि ती मर्यादा नकळत बिटकॉइनचा नियम होऊन बसली होती. कोणी लिहिलेली नाही, कोणाला ठाऊक नाही, पण यंत्रे इमानाने पाळीत आहेत, अशी ती वहिवाट होती. वहीला दोन शाखा फुटल्या. लिखित नियमांप्रमाणे पाहिले तर नवी शाखा निर्दोष होती, मायनिंगचे, म्हणजे गणनशक्ती खर्चून नवे ब्लॉक जोडण्याच्या कामाचे, अधिक बळही तिच्याच मागे होते, आणि दोष होता तो जुन्या आज्ञावलीत. तरीही त्या रात्री जमलेल्या मंडळींनी जुन्या शाखेकडे परतण्याचा सल्ला दिला. कारण व्यापारी आणि सामान्य धारक यांच्यापैकी पुष्कळांची यंत्रे जुनी होती, आणि त्या सर्वांना काही तासांत नव्या आवृत्तीवर आणणे अशक्य होते, उलट अनेकांचे मायनिंगचे बळ एकत्र करणाऱ्या थोड्या मोठ्या पूलांना मागे वळविणे शक्य होते.

येथे ‘सल्ला दिला’ हे क्रियापद मी जाणूनबुजून वापरतो. मोठ्या पूलांपैकी बीटीसी गिल्डच्या चालकाने सल्ला मानला, जुनी आवृत्ती पुन्हा चढविली, आणि नव्या शाखेवर मिळविलेल्या प्रत्येक ब्लॉकमागच्या २५ नाण्यांवर पाणी सोडले. त्याने नकार दिला असता तर त्याच्यावर बजावण्यास वॉरंट नव्हते. सुमारे सहा तासांत जुनी शाखा पुढे गेली आणि सुमारे २४ ब्लॉक रद्दबातल झाले. टीकाकार या प्रसंगाकडे बोट दाखवून म्हणतात, पाहा, मूठभर लोकांनी एका रात्रीत कोणती वही खरी ते ठरविले! ठरविले हे खरेच. पण त्यांचे म्हणणे ज्यांनी ऐकले त्यांनी आपले नुकसान सोसून ऐकले, आणि ते ऐकले जाण्याचे कारण एवढेच की, त्या घटकेला काय बिघडले आहे हे त्यांनाच कळले होते. ज्ञानाचा प्रभाव आणि पदाचा अधिकार यांत हा भेद आहे. प्रभाव दर खेपेला नव्याने कमवावा लागतो, आणि एकदा चुकीचा सल्ला दिला की तो ओसरतो.

चुका होतातच. ऑगस्ट २०१० मध्ये बेरजेच्या मर्यादेबाहेर जाणाऱ्या आकड्यांची तपासणी राहून गेल्यामुळे ७४६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये कोणी तरी सुमारे १८,४४६ कोटी नाणी शून्यातून उत्पन्न केली. ज्या वहीत २ कोटी १० लाखांच्या वर एक नाणे असू नये, तिच्यात! काही तासांत दुरुस्ती निघाली आणि ती नोंद मागे पडली, तेव्हा नाकामोतो अजून हजर होता. सप्टेंबर २०१८ चा प्रसंग मला याहून गंभीर वाटतो. तपासणीचा एक क्षण, अक्षरशः एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ, वाचावा म्हणून एक वरकरणी पुनरुक्त वाटणारी पडताळणी अनुभवी हातांनी काढून टाकली होती. अनुभवी डोळ्यांनी तो बदल वाचून मान्य केला होता. आणि त्यामुळे तेच नाणे एका व्यवहारात दोनदा खर्च करण्याची फट सुमारे एक वर्ष उघडी राहिली होती. ती सापडली ती बिटकॉइन कॅश या भांडून वेगळ्या झालेल्या, म्हणजे कट्टर प्रतिस्पर्धी, प्रकल्पात काम करणाऱ्या एका टोपणनावी गृहस्थाला. त्याने ती वापरली नाही, विकली नाही, बोभाटाही केला नाही, गुपचूप कळविली. दुसऱ्या दिवशी दुरुस्त आवृत्ती प्रसिद्ध झाली.

या प्रसंगावरून मी जो निष्कर्ष काढतो तो प्रकल्पाच्या अभिमान्यांना रुचणार नाही. अनेक डोळे पाहत आहेत म्हणून चूक राहणार नाही हा विश्वास श्रद्धेच्या कोटीतला आहे. पाहणारे डोळे थोडे असतात, थकलेले असतात, आणि लेखकाच्या नावलौकिकाने दिपलेले असतात. एक्सझेड या साध्या संकोचन-प्रणालीत दोन वर्षांहून अधिक काळ नम्रपणे काम करून विश्वास संपादन केलेल्या एका सहकाऱ्याने चोरदार बसविले होते, हे मार्च २०२४ मध्ये उघडकीस आले. तेही एका अभियंत्याला लॉगिन होण्यास अर्ध्या सेकंदाचा विलंब का लागतो अशी शंका आली म्हणून. तेव्हा लेखक पाहून लेख मान्य करणे हा या क्षेत्रातील महादोष होय. म्हणूनच मी आज्ञावली लिहिणाऱ्यापेक्षा ती वाचणाऱ्याचे काम श्रेष्ठ मानतो, आणि दुर्दैव असे की त्याच कामाची नोंद सर्वांत कमी राहते: लिहिणाऱ्याचे नाव संहितेच्या इतिहासात कायमचे उमटते, आणि ज्याने आठवडाभर डोके घालून एक घातक बदल थांबविला त्याच्या खात्यावर केवळ एक ‘नॅक’ आणि बहुधा एक शत्रू जमा होतो.

आता कायद्याकडे वळू. क्रेग राइट हा गृहस्थ आपणच नाकामोतो असल्याचा दावा अनेक वर्षे करीत होता. त्याच्या ट्यूलिप ट्रेडिंग या सेशेल्समधील कंपनीने २०२१ मध्ये लंडनच्या न्यायालयात अशी फिर्याद केली की, तिच्या सुमारे १,११,००० बिटकॉइनच्या किल्ल्या चोरांनी नाहीशा केल्या. सबब या वहीच्या आज्ञावलीवर काम करणाऱ्या वुइल, व्लादिमीर व्हान डर लान आदी मंडळींनी नवी आज्ञावली लिहून ती नाणी तिला परत मिळवून द्यावीत, कारण ते धारकांचे विश्वस्त आहेत. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो पुनरुज्जीवित केला, आणि न्यायमूर्ती बर्स यांनी असे म्हटले की, दुसऱ्याची मालमत्ता ज्या संहितेत वसते तिच्यावर या लोकांचे नियंत्रण असेल, तर त्यांच्यावर विश्वस्ताचे कर्तव्य येते काय, हा पुराव्यानिशी तपासण्याजोगा गंभीर प्रश्न आहे. पुढे मार्च २०२४ मध्ये न्यायमूर्ती मेलर यांनी दुसऱ्या एका खटल्यात राइट हा नाकामोतो नव्हे असा निर्णय दिला, आणि त्यानंतर ट्यूलिपचा दावाही मागे घेतला गेला. त्यामुळे एका लबाडाची फजिती झाली, पण प्रश्न अनुत्तरित राहिला. आणि प्रश्न विचारणारा अप्रामाणिक होता म्हणून प्रश्न हलका ठरत नाही.

विश्वस्तपणाच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा बिटकॉइनमध्ये नाही, इथेरियम नावाच्या अशाच दुसऱ्या वहीत आहे. १७ जून २०१६ रोजी ‘द डाओ’ नावाच्या सामायिक निधीच्या करारातील एका चुकीचा लाभ घेऊन कोणी तरी सुमारे ३६ लाख ईथर, म्हणजे त्या वहीतील नाणी, वळते केले. इथेरियमच्या धुरीणांनी आज्ञावलीत विशेष बदल करून तो निधी मूळ गुंतवणूकदारांना परत मिळण्याची तजवीज केली, आणि २० जुलै रोजी बहुसंख्य धारकांनी तो बदल स्वीकारला. जे एकदा केले ते पुन्हा करा, असे कोणी न्यायालयात म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे? एक उत्तर असे की, ज्यांना तो बदल मान्य नव्हता त्यांनी जुनी वही तशीच चालू ठेवली, ती इथेरियम क्लासिक या नावाने आजही चालते, आणि कोणत्याही हुकूमनाम्याला तिला थांबविता आले नसते. हे उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही. इथेरियम तेव्हा जेमतेम एक वर्षाचे होते. त्याचे निर्माते हजर होते, संस्था हजर होती, बोधनाम त्यांचे होते, आणि लोक त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. अशा अवस्थेत ‘आम्ही केवळ लेखनिक’ असे म्हणणे ही आत्मवंचना होय. न्यायालयाने प्रत्येक प्रकल्पातील वस्तुस्थिती पाहावी, नामाभिधान पाहू नये, एवढा भाग मी टीकाकारांना निःसंकोचपणे देतो.

परंतु बिटकॉइनसारख्या, निर्माता निघून गेलेल्या, किल्ल्या अनेकांत विभागलेल्या आणि जुनी आवृत्ती चालविणाऱ्यांना कोणीही हलवू शकत नाही अशा वहीला विश्वस्तपणाचे माप लावले तर विपरीतच घडेल. विश्वस्ताला हुकूम पाळावयाचा असेल तर हुकूम पाळण्याइतका ताबा त्याला हवा. मग तो ताबा त्याने मिळवावा अशीच कायद्याची इच्छा ठरेल. शिवाय ज्या अनुज्ञापत्राखाली ही आज्ञावली सर्वांना मोफत दिली जाते, त्या एमआयटी परवान्यात ती ‘जशी आहे तशी’, कोणत्याही हमीविना, असल्याचे लिहिलेले आहे. फुकट आणि बिनहमी दिलेल्या श्रमावर अब्जावधी डॉलरांची जोखीम लादली गेली तर शहाणा माणूस काम सोडील आणि बेफिकीर तेवढा उरेल. एप्रिल २०१४ पासून प्रमुख मेंटेनर असलेल्या व्लादिमीर व्हान डर लान याने २०२१ पासून ते काम हळूहळू इतरांत वाटून टाकले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आपली किल्लीही सोडली. एका माणसाच्या भोवती इतके ओझे आणि इतकी वैरे साचू नयेत, हे ओळखण्याचा विवेक त्याला होता.

विश्वस्ताचे कर्तव्य नको, तर मग काय हवे? ज्याला वहीतील उघडी फट ठाऊक झाली, त्याने ती दुरुस्त होईपर्यंत बाजारात आपल्या लाभासाठी खरेदी-विक्री करू नये, ते ज्ञान विकू नये, आणि दुरुस्तीचा अंमल झाल्यावर योग्य मुदतीत सारे उघड करावे: या तीन गोष्टी आज केवळ शिष्टाचाराच्या बळावर चालल्या आहेत, आणि त्यांना कायद्याचा टेकू देण्यात मला काही गैर दिसत नाही. कंपनीच्या आतील बातमीवर शेअर विकणाऱ्यास आपण दंड करतो. मग येथे मोकळीक का असावी? त्याचबरोबर आपले वेतन कोण देते हे लपवू नये. आरंभी बिटकॉइन फाउंडेशनने, तिचा पैसा आटल्यावर २०१५ मध्ये एमआयटीच्या डिजिटल चलन उपक्रमाने, आणि ब्लॉकस्ट्रीम, चेनकोड लॅब्ज, ब्रिंक अशा कंपन्यांनी व न्यासांनी या मंडळींच्या चरितार्थाची सोय केली. या पैशावर नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. उपाशी लेखनिक अधिक निःपक्षपाती असतो हा आपल्या समाजाचा एक आवडता भ्रम आहे. धनी एकच नसावा, आणि असेल तो सर्वांना ठाऊक असावा, एवढे पथ्य मात्र पाळले गेले पाहिजे.

येत्या काळात या विचाराची खरी परीक्षा क्वांटम संगणकाच्या प्रश्नावर होईल. पुरेसे मोठे क्वांटम यंत्र झाले तर स्वाक्षरी तपासण्यासाठी लागणाऱ्या सार्वजनिक किल्लीवरून ती स्वाक्षरी करणारी गुप्त किल्ली काढता येईल, हे पीटर शोरच्या १९९४ च्या गणितापासून ठाऊक आहे. आणि २००९-१० मधील पुष्कळ नाणी, ज्यांत नाकामोतोची समजली जाणारी सुमारे दहा लाख नाणीही आली, अशा रीतीने नोंदलेली आहेत की त्यांची सार्वजनिक किल्ली वहीत उघडीच आहे. नव्या, अधिक टिकाऊ स्वाक्षऱ्यांची सोय करून द्यावी, याला कोणाची फारशी हरकत नाही. तेथे ज्ञानी माणसाने आपले ज्ञान वेळेवर दिले, एवढेच घडते. परंतु ठराविक मुदतीनंतर जुन्या पद्धतीची नाणी गोठवावीत, म्हणजे चोराच्या हाती पडण्यापेक्षा ती कोणाच्याच हाती राहू नयेत, अशाही सूचना पुढे आल्या आहेत, आणि हा प्रकार वेगळ्या जातीचा आहे. मृत, विस्मरणशील किंवा तुरुंगात पडलेल्या धारकाची मालमत्ता त्याला न विचारता काढून घेण्याची ती तजवीज आहे. ती करूच नये असे मी म्हणत नाही. लाखो नाणी एका चोराच्या हाती एकदम पडली तर वहीवरचा भरवसाच उडेल, हा युक्तिवाद वजनदार आहे. माझे म्हणणे एवढेच की, अशी आज्ञावली जो लिहील त्याने तिला सुरक्षा-सुधारणेचे सौम्य नाव देऊ नये, ही जप्ती आहे असे प्रस्तावाच्या पहिल्याच ओळीत लिहावे, आणि मग ती स्वीकारावी की नाकारावी हे यंत्रे चालविणाऱ्यांवर सोडावे. २०१५ मध्ये अर्धे कारण झाकून ठेवावयास शत्रूला वाट दिसू नये ही सबब होती; येथे ती सबबही उपलब्ध नाही.